वारा जातो, लहर थांबते

नारायणगाव,
१ मार्च

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

‘आत्या, विज्ञानानं नुसती यंत्रं वाढवली, माणसाच्या हाती काय आलं?’ असं तू लिहिलंस. तुझ्या पत्राला लगेच उत्तर सुचलं नाही. काल विज्ञान दिनाला शाळेच्या मुलांबरोबर खोडदला गेले, तिथे ते सापडलं.

द्राक्षबागा ओलांडल्या की रेडिओ दुर्बिणीच्या डिश दिसू लागतात. एकेकीचा व्यास ४५ मीटर. अशा ३० डिश, २५ किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या, पण ऐकतात सगळ्या मिळून. एकीखाली उभं राहून वर पाहिलं, तर पत्रा कुठेच नाही! बारीक तारांची जाळी. तिच्यातून निळं आभाळ आरपार दिसत होतं.

सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, “एवढी भोकं आहेत, मग आकाशातलं सगळं गळून नाही जात?” मी सांगितलं, इथे टिपतात त्या लहरी वीतभरापासून काही मीटरपर्यंत लांब असतात. बोटभर भोकातून त्या जात नाहीत, वारा मात्र सुखानं जातो. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “म्हणजे चाळणीच की! पीठ खाली, कोंडा वर.”

ही चाळणी रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतली. १९६३ साली ते अमेरिकेहून परतले, आधी उटीला दुर्बीण उभारली, मग इथे. वारा अडत नाही म्हणून डिश हलकी झाली, खर्चही आटोक्यात राहिला. पैसा बेताचा होता, पण त्यांनी स्वप्न आखडतं घेतलं नाही.

या चाळणीत काय अडकलं, ठाऊक आहे? २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालं : एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची लहर. ती निघाली ८८० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यसुद्धा नव्हता. निघताना २१ सेंटीमीटरची होती. विश्व पसरत गेलं तशी ताणली जाऊन ४८ सेंटीमीटरची झाली. वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानं तिला तीसेक पट बळ दिलं, म्हणून ती क्षीण हाक ओळखता आली. आणि कुठे? आपल्या जुन्नर तालुक्यात!

विज्ञानाच्या नफ्या-तोट्याचा सगळा हिशेब मला मांडता यायचा नाही. पण जिथून कसलाच लाभ पदरात पडणार नाही, तिथली हाक ऐकायला माणसं वर्षानुवर्षं तारा विणत बसतात, आणि सातवीतल्या पोरीला त्यातलं मर्म स्वयंपाकघरातल्या वस्तूत सापडतं. अशा माणसांच्या जगात आशा सोडून बसणं मला जमत नाही.

दुर्बिणीच्या आवारात मोबाइल बंद ठेवावा लागतो, नाहीतर त्या गलबल्यात दूरचं सगळं बुडून जातं. सुटीत ये. फोन बंद करून आपण दोघी जाळीखाली उभ्या राहू.

तुझी,
आत्या