अब्बांचा मॉनिटर

मॉनिटर बिघडला की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "किती वर्षं झाली?" आकडा ऐकला की मान हलवतो आणि नव्याची किंमत सांगू लागतो. साताऱ्यात आम्ही तीन दुकाने फिरलो, तिन्हीकडे हाच अनुभव. नेमके काय बिघडले आहे, हे कुणीच विचारले नाही.

आमची नोकरी साताऱ्यात, उर्दू माध्यमाच्या शाळेत, घर सांगलीत. बी.एड. होऊन बरीच वर्षे वाट पाहिल्यावर शिक्षणसेवक म्हणून नेमणूक मिळाली. माध्यमिकचे मानधन महिना १८ हजार. २०२३ पूर्वी ते ८ हजार होते, म्हणून तक्रार करायलाही संकोच वाटतो! खोलीभाडे, जेवण आणि घरी द्यायचे पैसे वजा जाता हाती काय उरते, हे शिक्षक वाचकांना सांगायला नको.

मॉनिटर सांगलीच्या घरातला, म्हणजे खरे तर अब्बांचा. अब्बा कातिब. त्यांच्या तरुणपणी उर्दू शाळांचे पेपर स्टेन्सिलवर हाताने लिहिले जात, लग्नपत्रिकाही कातिबच लिहीत. इंग्रजी, मराठीचे खिळे जुळवून छपाई व्हायची, पण नस्तालीकला ते जमेना. त्यातली अक्षरे एका रेषेवर बसत नाहीत. उजवीकडून डावीकडे घसरत खाली येतात आणि शेजारी कोण आहे ते बघून आकार बदलतात. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी नूरी नस्तालीक तयार केला, तेव्हा अठरा हजारांच्या आसपास जोडाकृती एकेक करून लिहाव्या लागल्या. पुढे १९९४ मध्ये इनपेज आले आणि गावोगावच्या कातिबांची कलमे खाली ठेवली गेली. अब्बांनी मात्र कलम ठेवून माउस धरला. पन्नाशी उलटल्यावर! आजही आम्ही हाताने लिहिलेल्या पेपरचा फोटो साताऱ्याहून पाठवतो, अब्बा तो इनपेजमध्ये उतरवतात. आमचेच नव्हे, दोन-तीन शाळांचे पेपर त्यांच्या हातून जातात. पैसे थोडे मिळतात, पण माणूस सकाळी अंघोळ करून, चष्मा पुसून कामाला बसतो, हे आमच्या दृष्टीने पैशांहून मोठे आहे.

सहामाहीच्या तोंडावर तो मॉनिटर बंद पडला. बटण दाबले की दोन सेकंद चित्र यायचे आणि मग अंधार. हिरवा दिवा मात्र चालूच.

धाकट्या भावाचे म्हणणे, हप्त्यावर लॅपटॉप घ्या. भाचा म्हणाला, "नाना, मोबाइलवर करा ना." अब्बांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. ते एवढेच म्हणाले, "नवा नक्को, जुना नक्को, मेरेकू नुक्ता दिखना बस."

ज्यांना उर्दू वाचता येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बे, पे, ते, से, नून, ये ही अक्षरे शब्दाच्या मध्ये आली की त्यांची आकृती जवळजवळ एकच, एक लहानसा दात. ओळख पटते ती नुक्त्यांवरून. खाली एक असेल तर बे, तीन असतील तर पे, वर दोन असतील तर ते. वरचा ठिपका खाली गेला की 'खुदा'चा 'जुदा' होतो. मराठीत अनुस्वार सुटला तरी वाचणारा सांभाळून घेतो. इथे परीक्षेला बसलेल्या मुलीला प्रश्नच दुसरा दिसतो.

म्हणून दुकानात आम्ही किमतीसोबत मापेही विचारली. अब्बांचा मॉनिटर जुन्या चौकोनी घडणीचा, १७ इंची. दुकानदार देत होता तो साडेअठरा इंची, साडेचार हजारांना. "दीड इंच मोठा आहे मॅडम." पण हे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे असतात. नवा आडवा पसरलेला. त्याची उंची जेमतेम ९ इंच, जुन्याची साडेदहाच्या वर. जुन्यात वरून खाली ठिपक्यांच्या १०२४ ओळी, नव्यात ७६८. म्हणजे मोठा म्हणून जो घ्यायचा त्यात पेपरचे पान कमी दिसणार आणि नुक्ते जाडेभरडे होणार. जुन्याइतकी उंची आणि त्याहून रेखीव अक्षर हवे तर साडेएकवीस इंची, फुल एचडी घ्यावा लागतो. तो सात हजारांना. लोक ठोकताळा सांगतात, दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर नवा घ्यावा. ठोकताळा ठीक आहे, पण कुठल्या नव्याच्या निम्मे, हे आधी ठरवायला हवे.

शनिवारी एसटीने सांगलीला गेलो. बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, त्यामुळे अशी निकड आता परवडते. मॉनिटर चादरीत गुंडाळून अब्बांसोबत एका मिस्त्रीकडे नेला. हा तरुण २०१९ च्या महापुरानंतर या कामात नावारूपाला आला. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५. पाणी उतरल्यावर घरोघरचे टीव्ही, कॉम्प्युटर चिखलाने भरलेले. ज्यांनी चालू होते का बघू म्हणून बटण दाबले त्यांचे जळाले. ज्यांनी तसेच आणून दिले त्यांतले बरेचसे याने बोर्ड स्वच्छ पाण्याने धुऊन, नीट वाळवून वाचवले. आमचा मॉनिटर पुरात सापडलाच नाही, कारण अब्बांनी टीव्हीच्या आधी तो माळ्यावर चढवला होता. अम्मी अजून त्यावरून टोमणा मारतात.

मिस्त्रीने मॉनिटर चालू केला आणि अंधारलेल्या पडद्यावर तिरपा टॉर्च मारला. आत पुसटसे चित्र दिसत होते! "चाचा, पॅनल जिवंत आहे. मागचा उजेड तेवढा जातोय." पाठ उघडून त्याने सप्लायच्या बोर्डावरचे तीन कपॅसिटर दाखवले. डोकी पुरीसारखी फुगलेली. ते थकले की दिव्यांना लागणारा दाब टिकत नाही आणि सर्किट स्वतःला वाचवण्यासाठी दिवे बंद करते. (हे वाचून कुणी घरी पाठ उघडू नये. प्लग काढल्यावरही आत झटका शिल्लक असतो, जुन्या डबा मॉनिटरमध्ये तर हजारो व्होल्टचा.) पॅनल फुटले असते तर तो दुरुस्तीला हातच लावणार नव्हता. तेही त्याने सांगून टाकले.

कपॅसिटर आणि मजुरी मिळून साडेसहाशे. सोबत इशारा: "दिवे पिवळे पडलेत. वर्ष, दोन वर्षं. नंतर एलईडीची पट्टी बसवता येईल, पण तेव्हा नवा घेतलेला बरा."

अशा सल्ल्यावर निर्णय करणे सोपे जाते. टाकून देणे मात्र वाटते तितके सोपे नाही. आमच्या माळ्यावर जुना डबा मॉनिटर अजून पडून आहे. त्याच्या काचेत शिसे असते. सपाट मॉनिटरच्या जुन्या दिव्यांत पारा. २०१६ च्या आणि मग २०२२ च्या ई-कचरा नियमांनी हे परत गोळा करण्याची, त्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. आमच्या गल्लीत मात्र येतो तो भंगारवालाच. तांब्यासाठी तो काच कुठे फोडतो आणि त्याची पोरे कुठे बसलेली असतात, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून दिला नाही.

अब्बांनी पैसे मोजून दिले आणि जुने कपॅसिटर मागून घेतले. घरी येऊन इनपेज उघडले, अक्षर दोनशे टक्के मोठे केले, 'पे'खालचे तीन नुक्ते बोट ठेवून मोजले. आम्ही महिना पाचशे बाजूला टाकतो आहोत, साडेएकवीस इंचीसाठी. अब्बांना ते सांगितलेले नाही. सध्या नववीचा इतिहासाचा पेपर उतरतो आहे, दुसऱ्या पानापर्यंत आला आहे.