आजीची पुतळी आणि बुडालेल्या जहाजाचे सोने

छत्रपती संभाजीनगरहून (औरंगाबादहून) एसटीने निघालो की दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ ही नामांकित ठिकाणे मागे पडतात. पुढे कसाबखेड्याहून गाडी देवगाव रंगारीच्या रस्त्याला लागते. बाहेरगावचे पाहुणे बहुधा वेरूळलाच उतरून घेतात. आम्ही नवरा-बायको मात्र कन्नड तालुक्यातल्या या गावी निघालो होतो, ते एका नाण्यापायी.

झाले असे की, आमच्या नात्यातल्या एका तरुणाचा निरोप आला. "बुडालेल्या जहाजातले स्पेनचे सोन्याचे नाणे तीस हजारांत मिळते आहे. आजीची पुतळी मोडून घ्यावे म्हणतो. तुम्ही एकदा येऊन बघा." निरोप ऐकून आम्ही दुसऱ्याच दिवशी गाडी धरली.

जयभीम झाला, चहा झाला. मग पोराने कपाटातून नाणे काढले. पिवळेधमक, गोल, वर १७१५ साल. बाजारात भेटलेला एक माणूस पाचशे रुपये विसार घेऊन ते ठेवून गेला होता.

१७१५ हे साल काही थापेचे नाही. त्या वर्षीच्या जुलैअखेर अमेरिका खंडातले सोने-चांदी घेऊन स्पेनला निघालेल्या ताफ्यातली अकरा जहाजे फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर वादळात फुटली. हजारावर माणसे बुडाली. त्या ताफ्यातली नाणी आजही पाणबुड्यांना सापडतात आणि जगभरचे हौशी लोक ती मोठी किंमत देऊन जमवतात. सोने खाऱ्या पाण्यातही गंजत नाही. चांदी मात्र काळी पडते, तिचे गोळे होतात.

समुद्रातली नाणी आपल्या मुलखालाही अगदी परकी नाहीत. खुलताबादला ज्याची कबर आहे त्या औरंगजेबाच्या नावाचे चांदीचे रुपये १९६१ साली श्रीलंकेच्या दक्षिणेला, ग्रेट बासेस खडकांजवळ बुडालेल्या जहाजातून निघाले. ते सुरतेच्या टांकसाळीतले, हिजरी १११३ चे, म्हणजे इ.स. १७०१-०२ चे होते. हजार-हजार रुपये एकमेकांना चिकटून दगडासारखे झाले होते. त्या काळी परदेशी व्यापारी सुरतेला चांदी उतरवीत आणि टांकसाळीत तिचे रुपये पाडून घेत. त्या चांदीत स्पेनच्या ताब्यातल्या अमेरिकेची चांदी मोठ्या प्रमाणात असे.

पोरगा मन लावून ऐकत होता. आम्ही म्हणालो, "आता हिशेब कर. स्पेनच्या सर्वांत मोठ्या सोन्याच्या नाण्याचे वजन सुमारे २७ ग्रॅम. नुसते सोने म्हणूनच त्याचे लाखांवर पैसे होतील. मग हा माणूस तीस हजारांत का देतो?" शिवाय त्या काळची बहुतेक नाणी हातोड्याने ठोकलेली. सोन्याच्या पट्टीचे तुकडे तोडायचे, कातरीने वजन जुळवायचे आणि ठसा मारायचा. म्हणून ती वेडीवाकडी असतात. हे नाणे मात्र बांगडीसारखे गोल.

बाजारातल्या सोनाराकडे गेलो. त्याने नाणे तळहातावर घेतले आणि कसाला लावण्याआधीच हसला. पितळ सोन्याच्या निम्म्याहूनही हलके भरते. कसावर तर लगेच कळले. पाचशे रुपये गेले, पण पुतळी वाचली.

घरी आल्यावर आजीने फडक्यात बांधलेली पुतळी आमच्या हातावर ठेवली. पुतळीचा मूळ वंशही जहाजातलाच. इटलीतल्या व्हेनिस शहराने १२८४ पासून साडेतीन ग्रॅमचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे डुकाट नाणे पाडले. त्यावर एक संत आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला राज्यकर्ता. व्यापाराबरोबर ते आपल्या किनाऱ्याला आले. लोकांना त्यावर बाहुल्या दिसल्या, म्हणून नाव पडले पुतळी. पुढे आपल्याच सोनारांनी तशा पुतळ्या घडवल्या. आजीच्या पुतळीवरची अक्षरे कोणत्याच भाषेत लागत नाहीत. तिकडची अक्षरे न वाचता, नुसती बघून उतरवलेली असावीत.

आजी म्हणाली, "माह्या मायनं तीन दिल्या व्हत्या. एक बहात्तरच्या दुष्काळात गेली. दुसरी याच्या बापाच्या शिक्षणाला. नागसेनवनात शिकायला व्हता तो. ही राहिली."

पोरगा खाली मान घालून बसला. मग आजीने आम्हाला विचारले, "ते जहाजातलं सोनं काढलं कोणी?"

आम्ही सांगितले, आजच्या कोलंबियातल्या नद्यांच्या वाळूतून आणि खाणींतून बरेचसे सोने आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी काढले. बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरातली चांदी तिथल्या मूळ रहिवाशांकडून सक्तीने खोदून घेतली. नाण्यावर मात्र राजाचे नाव.

आजी थोडा वेळ गप्प राहिली. "म्हंजे खणणाराचं नावच न्हाई," एवढेच म्हणाली आणि पुतळी पुन्हा फडक्यात बांधली.

वाचक बंधू-भगिनींनो, जुनी नाणी बघण्याची हौस वाईट नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचे संग्रहालय आहे, मुलांना घेऊन जरूर जा. पण खोदकामात किंवा समुद्रात सापडले म्हणून कोणी सोने स्वस्तात देऊ लागला, तर विसारही देऊ नका. जमिनीत खरोखरच काही सापडले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

आणि आणखी एक करा. घरातल्या म्हाताऱ्या बाईला जवळ बसवून विचारा, कोणता दागिना कधी मोडला आणि कशासाठी. ते वहीत लिहून ठेवा. आम्ही निघताना देवगावच्या त्या पोराने वही उघडली होती. पहिल्या ओळीत त्याने आजीच्या आईचे नाव लिहिले.