वीट ठेवलेली कुंडी

परवा पहाटे अंगण झाडताना वास आला आणि केरसुणी तिथंच टाकून मी कुंडीकडे धावले. चैत्रातली ठणठणीत कोरडी माती, झाडाला पान म्हणून नाही, आणि त्यातून भुईचाफा वर आलेला. पांढऱ्या पाकळ्या, खाली जांभळी जीभ.

शेजारच्या कुंडीत मात्र शुकशुकाट. तिथं क्रोकसचे दहा कंद होते. भाचीनं जर्मनीहून फोटो पाठवला होता, बर्फातून डोकं काढणाऱ्या जांभळ्या फुलांचा. केशराचंच हे भावंड. केशर शरदात फुलतं, हे वसंतात. मी भाळले, कंद मागवले. त्यांना आधी तीनेक महिने थंडी लागते, म्हणून फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्यामागं ठेवले. पिकणाऱ्या फळांजवळ ठेवू नयेत, त्यांच्या वायूनं आतली कळी मरते, हे नंतर वाचलं. खालच्या कप्प्यात पेरू होते. जानेवारीअखेर कंद लावले. गवतासारखी चार पाती आली आणि फेब्रुवारीच्या उन्हात पिवळी पडली. भुसावळचा मे तर पंचेचाळीस ओलांडतो. तो त्यांना बघावाच लागला नाही.

आई रेल्वे क्वार्टरमध्ये भुईचाफ्याच्या कुंडीवर वीट ठेवायची. दिवाळीनंतर पानं वाळली की वीट. "इथं माणूस झोपलंय," म्हणायची. मी सात-आठ वर्षांची असेन. रिकामी कुंडी बघून वाईट वाटलं, म्हणून वीट बाजूला करून रोज तांब्याभर पाणी घालत राहिले, गुपचूप. त्या वर्षी फूल आलं नाही. आईनं माती उकरली तर गड्डे कुजून लिबलिबीत. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसते हात धुतले.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली भुईचाफ्याला केम्फेरिया नाव दिलं, जपानला जाऊन आलेल्या एका जर्मन वैद्याचं. इंग्रजीत तर याला 'भारतीय क्रोकस' म्हणतात! आमच्या अंगणातल्या फुलाला ओळख द्यायची तीही बर्फातल्या फुलाची. मला हे अजून पचत नाही. अर्थात आपण तरी काय केलं? हळद-आल्याच्या घरातल्याला चाफा म्हणून मोकळे झालो.

बाबांची बदली झाली तेव्हा आईनं शेजारणीकडून आणलेला नवा गड्डा गोणपाटात बांधून मांडीवर घेतला होता. ट्रंका ब्रेकव्हॅनमध्ये, गड्डा डब्यात. आजची कुंडी त्याच गड्ड्याची.

फूल एका दिवसाचं. परवाचं दुपारपर्यंत मावळलं, काल दुसरं आलं. पाऊस पडला की पानं येतील, पाठीमागून जांभळी. कुंडी आता गच्च भरली आहे. कुणाला गड्डा हवा असेल तर दिवाळीनंतर या. दोन बोटं खोल, सावलीत लावा, आणि होळीपर्यंत पाणी नाही. वीट मात्र आपापली आणा.