दोन सायकली आणि लोणारची वाट

मेहकर सोडून पश्चिमेला सिंदखेडराजाच्या रस्त्याला लागले, की काही वेळाने सुलतानपूर येते. नागपूरहून औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना हमरस्ता या गावावरून जातो आणि येथूनच लोणारला फाटा फुटतो. त्यामुळे प्रवाशांच्या लेखी सुलतानपूर म्हणजे नुसते एक वळण. चहा घ्यायचा, ‘लोणार किती राहिलं?’ म्हणून विचारायचे, ‘असेल बारा किलोमीटर’ हे उत्तर ऐकायचे आणि चालू लागायचे. एका अंगाला जिजाऊंचे माहेर, दुसऱ्या अंगाला मेहकरचा शारंगधर बालाजी आणि तिसरीकडे लोणारचे सरोवर. असल्या बड्या शेजाऱ्यांत हे गाव अंग चोरून बसलेले आहे. पण ती आमची सासुरवाडी. जावयाला चहावर कोण सोडतो? नोकरीतून मोकळा झाल्यावर मात्र आम्ही उभयता तेथे चांगले दोन महिने राहिलो. निमित्त झाले दोन सायकलींचे.

पहिली सायकल माझ्या सासऱ्यांची. ते शाळामास्तर. पावसाळ्यातला चिखल सोडला तर आयुष्यभर ते याच सायकलीवरून हिंडले. त्यांच्या मागे ती गोठ्यातल्या आढ्याला दोरीने टांगलेली होती. खाली उतरवून फडका मारला तेव्हा पुढच्या नळीवर सेन-रॅलेची पितळी पट्टी दिसली. दुसरी सायकल बायकांची, मधला आडवा दांडा नसलेली. ती मेहकरला एका भंगारवाल्याकडे वजनावर मिळाली.

आजच्या पोरांना या सायकली म्हणजे लोखंडी म्हशी वाटतात. पण एकेकाळी लग्नात जावयाला सायकल, घड्याळ आणि रेडिओ मिळाला की वरपक्षाची मान ताठ होत असे. आधी त्या विलायतेहून येत. रॅले नॉटिंगहॅमची, बी.एस.ए. आणि हर्क्युलिस बर्मिंगहॅमच्या. स्वातंत्र्य आले आणि हे कारखाने आपल्याकडे उभे राहू लागले. १९४९ मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स, पुढे आसनसोलला सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनपतला ॲटलास, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. यातल्या ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला आणि योग असा, की तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता! तरीही काळी अठ्ठावीस इंची सायकल अजून बनते. म्हणून तर तिचे टायर, कॉटर पिना आणि ब्रेकचे रबर तालुक्याच्या बाजारात आजही मिळतात. साठ वर्षांपूर्वीच्या मोटारीला असले भाग्य नाही.

आम्हाला भेटलेले मिस्त्री सत्तरीचे होते. त्यांनी सायकल उलटी केली, चाकाला हलकेच टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, “मेली नाही भाऊ, झोपेल हाये.” मग तिला जागे करण्याचा सोहळा सुरू झाला. जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते. ते रॉकेलात भिजवून काढले. मागच्या चाकातले छर्रे एकेका बाजूचे नऊ मोजून बशीत ठेवले. कॉटर पीन गंजून बसली होती. तिच्यावर हातोडीचे चार भित्रे ठोके घातले तर ती फुलते आणि कधीच निघत नाही. खाली भक्कम आधार देऊन एकच ठाम ठोका घालावा लागतो. नवा रंग द्यायला मिस्त्रींनी साफ नकार दिला. “रंगवली तं नवी दिसन. मास्तरची दिसन काय?” त्यांनी नुसते खोबरेल लावून फडक्याने घासले. तासाभरात मडगार्डवरची सोनेरी रेघ पुन्हा उगवली आणि आमच्या सौभाग्यवती पदर डोळ्यांना लावून आत निघून गेल्या.

चाकाचा आऊट काढताना मिस्त्रींनी एक गंमत दाखवली. पुढच्या चाकाला तारा बत्तीस, मागच्याला चाळीस. का? तर भार सगळा मागे. धान्याचे पोते मागे, दुधाच्या किटल्या मागे, आणि बायकोही मागेच. शहरात पोलीस डबलसीटला दंड करायचे, तेव्हा चौक आला की बायको उतरून पायी चालायची आणि चौक ओलांडला की पुन्हा उडी मारून बसायची. आमच्या संसाराची पहिली वर्षे अशीच गेली. हे सांगून मी हसलो, तर सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, मला तो रस्ता कधी दिसलाच नाही. दिसायचा तो तुमचा सदरा.”

हे ऐकल्यावर दुसरी सायकल नीट होण्याची घाई मलाच झाली.

माहेरी त्यांना सायकल शिकू दिली नव्हती. धाकटे भाऊ दांड्याखालून पाय घालून कैची मारत आणि या ओट्यावरून बघत. आता साठीला टेकल्यावर शिकणे आले. मिस्त्रींनी पायडल काढून ठेवले आणि सीट इतकी खाली घेतली, की दोन्ही पाय जमिनीला लागावेत. पायांनी ढकलत आठ दिवस तोल शिकायचा, मग पायडल लावायचे. पहाटे मोकळ्या पटांगणावर आमचा वर्ग भरे. विहिरीवर निघालेल्या एका बाईने विचारले, “काहो काकू, या वयात?” उत्तर आले, “मंग कोणत्या वयात?”

नवरा-बायकोने मिळून सायकलीवर हिंडणे हे काही आजचे खूळ नव्हे. अमेरिकेच्या फॅनी बुलक वर्कमन आणि त्यांचे यजमान विल्यम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिलोन आणि हिंदुस्थान सायकलींवरून पालथा घातला, देवळांमागून देवळे पाहिली आणि १९०४ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ छापला. त्याच्या नावातच चौदा हजार मैलांचा हिशेब आहे. आमचा हिशेब बारा किलोमीटरचा!

एका सकाळी निघालो. सोयाबीन निघून गेले होते, तुरी फुलावर होत्या, आणि काळ्या रानात हरभरा वर येत होता. जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग गेला आहे. त्यावर सायकलीला मज्जाव, त्यामुळे ती घाई आमच्या वाटेला आली नाही. या सायकलींना गिअर नाहीत. चढ आला की दोघांचीही एकच गत, उतरायचे आणि चालायचे. रस्ता मोकळा असला की शेजारी-शेजारी, मागून ट्रकचा भोंगा वाजला की एकामागे एक. आणि तेव्हा त्या पुढे, मी मागे. आता पाठ पाहण्याची पाळी माझी.

लोणारचे नवल असे, की काठावर पोचेपर्यंत ते दिसतच नाही. सपाट माळ चालत असतो आणि एकदम पायाखाली पावणेदोन किलोमीटरहून रुंद वाटोळे विवर उघडते. उल्का आदळून बेसॉल्ट खडकात झालेला हा खड्डा. कधी झाला यावर पंडितांचे एकमत नाही. कोणी बावन्न हजार वर्षे म्हणतो, कोणी पावणेसहा लाख. २०२० च्या जूनमध्ये क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी याचे पाणी गुलाबी केले तेव्हा जगभर गवगवा झाला. त्याच वर्षी त्याला रामसर पाणथळाचा मान मिळाला. तळाशी खारे पाणी आणि काठावर गोमुखाची गोडी धार! सायकली वर ठेवून आम्ही धारेपाशी बसलो. सौभाग्यवतींनी गावातले दैत्यसूदनाचे देऊळ, लवणासुराची कथा, खालची सासू-सुनेची विहीर असे सगळे सांगितले. लहानपणापासून त्या हे ऐकत आल्या होत्या. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षे झाली; त्यातले निम्मे मी त्या दिवशी प्रथम ऐकले. मोटारीत हे बोलणे निघत नाही, आणि कॅरिअरवरून बोललेले वाऱ्यावर जाते.

वाचकहो, आपल्याही गोठ्यात, माळ्यावर किंवा जिन्याखाली एखादी सायकल झोपलेली असेल. या दिवाळीत तिला खाली काढा, रॉकेलने धुवा, छर्रे मोजून घ्या. मात्र एकीवर भागवू नका. भंगारवाल्याकडे जाऊन दुसरी शोधा आणि दोन्ही बरोबरच नीट करून घ्या. एक सायकल नवऱ्याला कामावर नेईल. बरोबर फिरायला दोनच लागतात.