तिबेरियस महाराजांस, मारतहळ्ळीहून

रा. रा. तिबेरियस सीझर महाराज,
मुक्काम काप्री बेट, यांसी

मारतहळ्ळी, बेंगळुरूहून सप्रेम नमस्कार वि. वि.

आयुष्याची शेवटची दहा-अकरा वर्षं आपण बेटावर बसून पत्रांच्या जोरावर साम्राज्य हाकलंत, तेव्हा एका अनोळखी माणसाच्या पत्राचं आपल्याला नवल वाटू नये. कारण तसं किरकोळ आहे. मी नुकताच आपला एक डिनेरियस घेतला. नवं नाणं हाती आलं की चार जणांना दाखवल्याशिवाय आम्हा छांदिष्टांना अन्न गोड लागत नाही. आमच्या रविवारच्या मंडळींना दाखवून झालं, घरच्यांना बळेबळे दाखवून झालं. ज्याचा चेहरा त्यालाच तेवढं दाखवायचं राहिलं होतं.

नाणं नेहमीचंच. पुढच्या बाजूला आपण, डोक्यावर पानांची माळ, भोवती आपण दैवी ऑगस्टसचे चिरंजीव असल्याची ग्वाही. मागे खुर्चीवर बसलेली एक बाई, एका हातात उभा दंड, दुसऱ्या हातात फांदी. इसवी सन 14 ते 37 आपण राज्य केलंत आणि त्यातला बहुतेक काळ चांदीवर हाच एक छाप चालू ठेवलात. राग मानू नका, पण संग्राहकांना आपण जरा कंटाळवाणे वाटता. ऑगस्टसच्या नाण्यांत मगर काय, वासरू काय, नातवंडं काय, पाहत राहावं. आपल्याकडे मात्र बाई आणि खुर्ची. तरी आपल्या नाण्याचा भाव चढाच असतो, कारण सीझरचं ते सीझरला द्या असं येशूने ज्या नाण्याकडे बोट दाखवून सांगितलं, ते हेच असं परंपरेने मानलं जातं. त्यामुळे नकलांचाही सुकाळ आहे. ओतीव नकलेच्या कडेवर साच्याची शिवण दिसते, अक्षरं साबणासारखी गुळगुळीत लागतात. तराजू आणि भिंग घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, हे आम्ही प्रत्येक नवशिक्याला सांगतो आणि तो पहिली दोन-तीन नाणी घेऊन झाल्यावरच ते ऐकतो.

आता मुद्द्याचं. इसवी सन 22 मध्ये आपण सिनेटला एक पत्र धाडलंत. इतिहासकार टॅसिटसने ते नोंदवून ठेवलं आहे. बायकांच्या रत्नांच्या हौसेपायी आपला पैसा परक्या, प्रसंगी शत्रूच्या मुलखात चालला आहे, असा त्यात आपला त्रागा होता. पुढे ग्रंथकार प्लिनीनेही रडगाणं गायलं की हिंदुस्थान दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स गिळतो. महाराज, तो पैसा नेमका कुठे गेला याचा थोडा हिशेब देता येईल. थोडा माझ्या घराच्या आसपासच सापडला.

1965 मध्ये इथल्या एचएएल विमानतळाच्या परिसरात जमिनीतून 256 रोमन डिनेरियस निघाले. त्याआधी 1891 मध्ये शहराच्या दुसऱ्या टोकाला, यशवंतपूरला, रेल्वेच्या खोदकामात 163 मिळाले होते. ऑगस्टस, आपण आणि आपल्या मागून आलेले क्लॉडियस अशी ही राजमंडळी. विमानतळ ज्या कारखान्यामुळे झाला तो 1940 मध्ये आमच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारच्या साथीने उभारला, हे जाता जाता सांगतो, कारण बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला ते सांगितल्यावाचून राहवत नाही. आज त्या भागात बाह्यवळण रस्ता, आयटी कंपन्या आणि तासन् तास न हलणारी वाहनं आहेत. परकीय चलनात कमावणारी माणसं इथे दोन हजार वर्षांपूर्वीही होती, एवढं म्हणायला हरकत नाही.

256 नाणी म्हणजे किती? आपल्या फौजेतल्या साध्या शिपायाला वर्षाला 225 डिनेरियस पगार होता. एका शिपायाची वर्षाची कमाई आणि वर थोडं, वजनात किलोच्या आसपास चांदी, दोन्ही समुद्रांपासून दूर, दख्खनच्या पठारावर पुरलेली. ती किनाऱ्यावरून किती हात बदलत आली, मिरीची होती की रत्नांची, कुणी पुरली आणि परत का आला नाही, हे नाणी सांगत नाहीत. पण एकत्र सापडल्यामुळे काही गोष्टी मात्र स्वच्छ सांगतात. ठेव्यातल्या सर्वांत उशिराच्या नाण्याआधी तो पुरलेला असू शकत नाही. आणि दक्षिणेतल्या अशा ठेव्यांत पुन्हा पुन्हा ऑगस्टस आणि आपणच दिसता, आपल्यानंतरच्यांची चांदी फार थोडी. सन 64 मध्ये नीरोने डिनेरियसचं वजनही घटवलं आणि चांदीही. इथल्या व्यापाऱ्याने जुनं नाणं जपलं आणि नव्याकडे पाठ फिरवली, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. लंकेच्या राजाची गोष्ट प्लिनी सांगतो ती हीच: रोमन माणसाजवळची नाणी वेगवेगळ्या चेहऱ्यांची, पण वजनाला सारखी, हे पाहून राजा खूष झाला. म्हणजे आपला दिग्विजय वगैरे इथे कुणी विचारात घेतला नाही. तराजूत आपण खरे उतरलात, इतकंच.

आंध्र-तेलंगणाकडे तर आपल्या नाण्यांच्या स्थानिक नकलाही झाल्या. कोरणाऱ्याला लॅटिन येत नव्हतं, म्हणून आपल्या नावाच्या जागी नुसत्या काड्या आणि गोळे आले. मला त्या फार आवडतात. आपल्याला आवडणार नाहीत.

ठेवा एकत्र राहिला की काय होतं याचं आमच्याकडचं उत्तम उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीचं. 1906 मध्ये तिथे नहपान क्षत्रपाची सुमारे 13,250 चांदीची नाणी सापडली. त्यातल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता, नहपानाच्या चेहऱ्यावरच. असं एखादं नाणं बाजारात सुटं आलं असतं तर ‘दुहेरी छाप, दुर्मीळ’ म्हणून कुणीतरी डबीत ठेवलं असतं. दोनतृतीयांशांहून जास्त ठेवा तसा आहे हे मोजता आलं, म्हणून जिंकलेल्या राजाने हरलेल्याचं अख्खं चलन आपल्या नावावर करून घेतलं हे कळलं. नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात नहपानाचा जावई उषवदात चांदीचे 70,000 कार्षापण म्हणजे सोन्याचे 2,000 सुवर्ण, असा चोख भाव लिहून ठेवतो. एवढा पक्का चांदीचा व्यवहार जिथे होता तिथे परकी चांदी आली तरी ती मुशीत गेली असावी, आणि म्हणून आपले डिनेरियस महाराष्ट्रात विरळ आणि दक्षिणेत ढिगाने, असं एक अनुमान आहे. मला ते पटतं. पण तेही ठेवे मोजूनच काढलेलं आहे.

म्हणून आमच्या मंडळींशी माझं नेहमी वाजतं. नवा पीस आला की तो टेबलावर फिरतो. छाप किती ठसठशीत, चकाकी किती, कितीला पडला, सगळं विचारलं जातं. निघाला कुठे, बरोबर काय होतं, हे विचारलं की जेवणात खडा लागल्यासारखी तोंडं होतात. मी शंकेखोर आहे, असं माझ्या पाठीमागे म्हणतात. कायदा 1878 पासून आहे: दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. तरीही ठेवा सोनाराकडे जातो, चांगले नग निवडले जातात, उरलेले वितळतात, आणि काही महिन्यांनी सुटी नाणी ‘दक्षिण भारत’ एवढ्याच ओळखीवर हिंडू लागतात. अशा वेळी विकणाऱ्याइतकाच हौसेने घेणाराही त्या ठेव्याचा मारेकरी असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. ते ऐकून दोघा जणांनी माझ्याशी नाण्यांविषयी बोलणं सोडलं.

आता या नव्या डिनेरियसविषयी. विकणाऱ्याकडे आपले दोन होते. एक असा की आपली हनुवटी, भुवई, मानेवरचे केस, सगळं कालच ठोकल्यासारखं. त्याला कुळशील काही नव्हतं. दुसरा झिजलेला, बाईचा चेहरा पुसट, कडेला कुणीतरी चांदी तपासायला दिलेली टोच. पण तो एका जुन्या संग्राहकाच्या कागदी पाकिटात होता आणि पाकिटावर पेन्सिलीने वजन, खरेदीचं साल आणि ‘कोइमतूर जिल्हा’ असं लिहिलेलं होतं. मी तो घेतला. मंडळींनी नाण्याकडे एक नजर टाकली आणि चहा मागवला. पाकीट एकानेच हातात धरून नीट वाचलं. कॉलेजातला मुलगा आहे, नाणी घ्यायला पैसे नाहीत, म्हणून नोंदी ठेवतो. नाशिकजवळच्या अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे जा म्हणून मी त्याला सांगितलं आहे. पाकिटाचा फोटो त्याने नाण्याच्या दोन्ही बाजूंच्या आधी काढला, हे मला विशेष वाटलं.

आपला जास्त वेळ घेत नाही. एकच शंका विचारायची राहिली. मागच्या बाजूची ती बसलेली बाई कोण? काही अभ्यासक म्हणतात, शांतिदेवता. काही म्हणतात, त्या रूपात आपल्या मातोश्री लिव्हिया. मातोश्रींशी आपलं किती जमत होतं ते जगजाहीर आहे. सन 29 मध्ये त्या गेल्या तेव्हा आपण अंत्यविधीलाही गेला नाहीत आणि त्यांना देवपद द्यायचा ठराव अडवलात. मग हजारो हजार नाण्यांवर ती बाई तशीच का बसू दिलीत? टाकसाळीला छाप बदलायला सांगायचा आळस केलात, की दुसरं काही होतं? सवडीने कळवावं. उत्तर आलं तर ते त्या पाकिटातच ठेवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मारतहळ्ळीचा एक नाणेवेडा