कानातली बुरशी, नाकातली बुरशी

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा लोक माझ्याकडे नाक घेऊन येतात. कुणाचा घोळणा फुटलेला असतो, कुणाच्या नाकात खपल्या धरलेल्या असतात. मृग बरसला, हवा दमट झाली, की कानांची पाळी येते. थेट पोळ्यापर्यंत ओपीडीत एकच तक्रार ऐकू येते, "लय खाजवते जी, अन् कान गच्च झाल्यावानी वाटते."

सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की नळीत ओल्या वर्तमानपत्रासारखा करडा लगदा दिसतो, त्यावर काळे ठिपके. ही बहुधा अ‍ॅस्परजिलस नायजर नावाची बुरशी असते. तिचे बीजाणू हवेत आणि धुळीत असतातच. निरोगी कानात तिचं काही चालत नाही, कारण तिथे मळ असतो. मळ किंचित आम्लधर्मी आणि मेणचट असतो. तो पाणी कातडीपर्यंत पोचू देत नाही आणि आपोआप बाहेर सरकत येतो. लोक मात्र त्याला घाण समजून काडीने, बडने, गाडीच्या किल्लीने खरवडून काढतात. वर लसूण तळलेलं कोमट तेल सोडतात. मोठ्या माणसाची कर्णनलिका जेमतेम अडीच सेंटिमीटरची, आतून पडद्याने बंद. तेल आत साचतं, ओल टिकते, खरवडलेल्या कातडीवर बुरशी रुजते.

मग औषधाच्या दुकानातून थेंब आणले जातात. मला सर्वांत जास्त राग येतो तो या थेंबांचा. त्यांत बहुधा प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असतं. प्रतिजैविकाने बुरशीला आवर घालणारे जिवाणू मरतात, स्टेरॉइडने कातडीची प्रतिकारशक्ती दबते. स्टेरॉइडमुळे सूज उतरते, दोन दिवस बरं वाटतं, म्हणून माणूस तेच थेंब घालत राहतो. पुढे कान ठणकू लागतो तेव्हा तो आमच्याकडे येतो. खरा उपचार साधा आहे: लगदा यंत्राने ओढून काढायचा, कान कोरडा ठेवायचा, क्लोट्रिमॅझोलसारखे बुरशीविरोधी थेंब दोन-तीन आठवडे घालायचे. खाज थांबली की लोक थेंब सोडतात, आणि बुरशी परत येते.

२०२१च्या उन्हाळ्यात नाकात जे घडलं, त्याचं मूळही असंच होतं. बुरशी वेगळी, म्युकरमायकोसिसची. तिचे बीजाणूही आपण एरवी श्वासाबरोबर घेतच असतो. पण रक्तातली साखर वाढलेली, करोनाने शरीर खचलेलं आणि त्यात स्टेरॉइड. जून २०२०मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतून डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा करोनात उपयोग सिद्ध झाला होता, पण तो ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांसाठी. मात्रा रोज सहा मिलिग्रॅम, फार तर दहा दिवस. प्रत्यक्षात ऑक्सिजनची गरज नसलेली माणसंही, साखर न तपासता, घरी बसून त्या गोळ्या घेत होती.

नागपूर जिल्ह्यात या रोगाचे रुग्ण फार निघाले. मेडिकल आणि मेयो या इथल्या सरकारी रुग्णालयांत त्यांच्यासाठी खाटा राखाव्या लागल्या. अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी इंजेक्शनच्या कुप्यांसाठी नातेवाईक गावभर फिरत होते. मेअखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने ते इंजेक्शन बनवायला घेतलं, तेव्हा विदर्भातल्या आम्हा डॉक्टरांना केवढा धीर आला! पण नुसत्या औषधाने हा रोग हटत नाही. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बुजवते, पुढचा भाग मरून काळा पडतो, आणि मेलेल्या भागात औषध पोचत नाही. तो कापूनच काढावा लागतो. कुणाची टाळू गेली, कुणाचा वरचा जबडा, कुणाचा डोळा.

म्हणून मधुमेह्यांना मी आजही बजावतो: एका बाजूचा गाल बधिर झाला, वरचे दात अचानक हलू लागले, नाकातून काळपट स्राव आला किंवा डोळा सुजला, तर त्याच दिवशी या. त्या साथीतून वाचलेले काही जण टाळूच्या जागी बसवलेल्या कवळीच्या आधाराने जेवतात, बोलतात. ते तपासणीला आले की नाकात दुर्बीण घालण्याआधी मी साखरेचा रिपोर्ट मागतो.