ओढ आणि पाणी

साइड-व्हॉल्व्ह म्हणजेच फ्लॅटहेड इंजिनात व्हॉल्व्ह डोक्यावर नसतात. सिलिंडरच्या कुशीला, ब्लॉकमध्येच बसतात. हेड म्हणजे जाड, सपाट झाकण. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1947 पासून कुर्ल्यात जोडलेल्या डॉज आणि फार्गो ट्रकांतून क्रायस्लरची असली सहा सिलिंडरची पेट्रोल इंजिने आली. आत शिरणाऱ्या हवेला वळसा पडत असल्याने ती फार फिरवली की दमतात. त्यांचे खरे बळ कमी फेऱ्यांत, कर्नाळ्याच्या खिंडीत भरल्या मालानिशी सावकाश चढण्यात.

म्हणून ओढ वाढवायची तर फेऱ्यांच्या मागे लागू नये. या घराण्यातल्या 218 आणि 230 घनइंची इंजिनांचा बोअर एकच, 3¼ इंच. स्ट्रोक मात्र 4⅜ आणि 4⅝ इंच. लहान ब्लॉकमध्ये मोठ्याचा क्रँक आणि त्याचेच कनेक्टिंग रॉड घालणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. हेडला फेस मारूनही कॉम्प्रेशन वाढते, पण बेतानेच. जास्त कापले तर व्हॉल्व्हवरची जागा आवळते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो.

बोअरिंग, ओव्हरसाइझ पिस्टन, क्रँकचे ग्राइंडिंग, व्हॉल्व्हचे लॅपिंग ही कामे जाणता मिस्त्री करतोच. आयुष्य ठरते ते पाण्यावर. वॉटर पंपाच्या मागे, ब्लॉकच्या पोटात पत्र्याची एक लांब नळी असते. तिच्या भोकांतून गार पाणी थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटांपाशी, अगदी शेवटच्या सिलिंडरपर्यंत पोचते. नळी कुजली की मागचे सिलिंडर तापतात, व्हॉल्व्ह जळतात, सीटपासून बोअरपर्यंत तडा जातो. आकड्याने ओढताना जुनी नळी तुकड्यातुकड्यांनी निघते, मागोमाग लाल गाळ.

किनाऱ्यावर हा गाळ लवकर साचतो, कारण पाणी मचूळ. नागाव, चौल, रेवदंड्याच्या वाड्यांत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर ते एक मीटर असले तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत टिकते, असा भूजलशास्त्राचा ठोकताळा आहे. रहाट हळू उपसायचा, तेवढ्यात विहीर भरून यायची. विजेचा पंप अखंड चालू लागला की वरचा थर पातळ होतो आणि खालचे खारे पाणी वर चढते. नारळ तग धरतो. सुपारी सुकू लागते. वाडीवाल्याला पाण्याची चव बदलल्याचे झाडांवरून कळते. वाडीचे हे नुकसान कोणत्याही इंजिनाच्या नुकसानीपेक्षा मोठे आहे, आणि ते भरून यायला वर्षे लागतात. हेच पाणी रेडिएटरमध्ये गेले की त्यातले क्षार बिडाला आणि पत्र्याला झपाट्याने खातात.

तेव्हा ब्लॉक कॉस्टिकमध्ये उकळून, तडे तपासून, पितळेची किंवा स्टेनलेसची नवी नळी बसवावी. रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच भरावे. विहिरीचे पाणी घालू नये, अडीअडचणीलासुद्धा नाही.